सुकलूदादाची कलई

मंडळी, राम राम. बसा सगळे. बायाहो, तुमीबी पुढं या. मागं ऐकू येनार नाई.

गुरुजींनी मले हा कागद लिहून देला. 'आपल्या सर्वांचे लाडके कलईवाले सुकलूदादा आपल्याला सोडून गेले.' एवढं वाचलं अन् पुढचं वाचवलं नाई. कोनाचे लाडके जी? त्याच्या तिरडीले आपल्या गावातून एक खांदा लागला नाई. देवरीच्या बाजारातले चार दुकानदार आले अन् घेऊन गेले. अन् आज शाळेत सतरंजी, हार, उदबत्ती! किळस येते मले. तुमची येते, अन् माझी त्याहून जास्त येते. कागद खिशात ठेवला आहे. कागदाबिगर बोलतो.

दादा छत्तीसगडाकडून आला, तवा स्वराज्य यायचं होतं. चिंचेखाली त्यानं भट्टी खोदली, भाता बसवला. आपल्या गावाची लगनाची भांडी माझ्या घरी राहतेत, हे तुमाले ठाऊक आहे. दर माघात मी ती भांडी दादाकडे नेत होतो. तो भांडं तापवे, नवसागर टाके, पांढरा धूर उठे. मग कथील टेकवलं अन् कापसानं फिरवलं की पिवळं पितळ आतून पांढरं होऊन जाय. मी जवळ बसून पाहत राहो.

एकदा मी म्हटलं, दादा, पिवळं किती चांगलं दिसते, त्याले झाकता काऊन? हसला. म्हने, "भाऊ, पितळ वाईट नाई, ताकबी वाईट नाई. पन दोघांची गाठ पडली का पितळ सुटते अन् ताकात उतरते. मंधात कथील पायजे. कथील ताकाले भीत नाई."

एवढं सोपं सांगितलं होतं त्यानं. मले! तुमाले नाई, मले सांगितलं होतं.

मग माझ्या पोरीचं लगन निघालं. पंधरा दिवसांआधी दादानं सगळ्या भांड्यांले कलई करून देली. कढीचा मोठा बगोना, ते पातेलं तर त्यानं दोनदा तापवलं. त्या लगनात काय झालं ते सगळ्यांले ठाऊक आहे. दुपारच्या पंगतीत कढी वाढली अन् सांज व्हायच्या आत अर्धं गाव बांधावर ओकत बसलं. वऱ्हाडी बैलगाडीत आडवे. कोनी मेलं नाई, हे नशीब.

अन् आपन काय केलं? चावडीवर दादाले बोलावलं. कोनी म्हने, नवसागराचं जहर आहे. कोनी म्हने, परका मानूस, मुद्दाम केलं. दादानं बगोन्यात हात घातला. तळाशी बोट फिरवलं. म्हने, "हे विटेनं घासलं आहे. चिंच लावून घासलं आहे. माझी कलई गेली कुठं?" कोनी ऐकलं? तुमी ऐकलं, पाटील? गुरुजी, तुमी तर शिकलेले, तुमी ऐकलं? बगोना त्याच्या दारात फेकला. भौजीले, दादाच्या बायकोले, विहिरीवर घागर टेकू देली नाई. अन् नंतर चार वर्षं आपनच बिनकलईच्या भांड्यात शिजवून कळकलेलं खात राहिलो. थू!

आता ऐका. वीट कोनाच्या हातात होती?

माझ्या.

होय, माझ्या. व्याही मोठ्या घरचे. मले वाटलं, भांडी उघडली का आतलं पांढुरकं पाहून म्हनतीन, हे काय जुनंपानं आनलं. लगनाच्या आदल्या सकाळी बगोन्यात मान घालून मी विटकर अन् चिंच घासली. पिवळं दिसेपर्यंत घासली. सोन्यासारखं दिसलं अन् मी खुश झालो, बापा! लगनाच्या दिवशी सकाळची कढी दुपारपर्यंत त्यातच राहिली. काठाले हिरवं दिसलं तं आचारी मले दाखवाले आला. मी म्हटलं, कढीपत्त्याचा रंग असंल, वाढ.

चावडीवर दादा माझ्याकडे वळला. त्याले समजलं होतं. भांडी कोनाच्या घरी राहतेत, त्याले ठाऊक होतं. तरी त्यानं माझं नाव घेतलं नाई. एवढंच म्हटलं, "भाऊ, तूच सांग." अन् मी मान खाली घातली. पायाचा अंगठा मातीत फिरवत राहिलो. पोरगी सासरी जायची होती ना! माझी पोरगी नांदली. त्याची भट्टी विझली.

काल मी भौजीकडे गेलो. दारात उभं राहाची हिंमत नोती. तिनं शिव्या देल्या नाई. आतून हा बगोना आनून माझ्यापुढं ठेवला. हा पाहा, टेबलावर आहे. बाहेरून काळा पडला आहे. आतून पाहा. या, पाटील, वाकून पाहा. पांढरा स्वच्छ! आपन हा त्याच्या दारात फेकला, अन् दादानं त्याच आठवड्यात याले कलई करून ठेवली. म्यां विचारलं, भौजी, सांगितलं काऊन नाई? तं म्हने, "गावाचं भांडं आहे, गाव न्यायले येईल, असं ते म्हनत. रोज पुसून ठेवत."

कोनी गेलं नाई जी. मीबी नाई.

भौजी, तुमी इथं बसल्या आहा. दादानं गावाले जहर देलं नाई. मी देलं. सगळ्यांपुढं सांगतो. माफी मागत नाई, माफी मागाचं तोंड माझं नाई. भांडी आजपासून माझ्या घरी राहनार नाईत. कोनाच्या घरी ठेवाची ते भौजी सांगतीन.

सुकलूदादा, गावाचं भांडं न्यायले आलो. उशीर केला. राम राम.

गुरुजी म्हनतेत, दोन मिनिटं उभं राहून गप्प राहाचं. राहू. पन मान खाली घालून नाई. खाली मान घालून मी एकदा उभा होतो. उठा सगळे, अन् भौजीकडे पाहून उभे राहा.