राहिलेला शेवट

तिकिटाच्या रांगेत मागून आवाज आला आणि शिंपीणबाईंनी कान टवकारले. मागे एक आजोबा तान्ही नात खांद्यावर घेऊन आजींशी वाद घालत होते.

"तेव्हा पाहिलेला जपानी कार्टूनपट हाच, पुन्हा लागलाय. अंतराळयानात घातपात कुणी केला, ते इतकी वर्षं सांगितलं नाहीस मला."

"सांगितलं असतं तर आज आला असतात होय?"

"तेव्हा ऐन शेवटी तुझ्या लेकीनं भोकाड पसरलं. तिला घेऊन बाहेर कोण गेलं? मीच!"

"रडली की माझी, हसली की तुमची!"

"आज शेवट पाहिल्याशिवाय हलणार नाही."

तेवढ्यात नात कुरकुरली.

"झालं! आईवरच गेलीय."

"द्या इकडे. या खेपेला बाहेर मी जाईन. घरी गेल्यावर सगळं रंगवून सांगा, मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकेन."