शहाण्यांच्या गटातला माणूस

—नाही नाही, मशीननं नाही घालत मी नाव. मशीनवाला त्या कोपऱ्यावर बसतो, तेल लावून भांग पाडून, हवं तर तिकडं जा. कर्र कर्र करून पाच मिनिटांत देईल काढून, अन् दोन दिवाळ्या घासलं की तुमच्या बहिणीनं बसावं शोधत, आपलं नाव कुठं गेलं म्हणून. माझं छिन्नीचं काम — एकेक ठिपका ठोकून बसवायचा, नातवंडं वाचतील. बसा त्या पाटावर. काय घालायचं म्हणालात? ‘सौ. विमला हिस, बंधूकडून.’ वास्तुशांत ना, इंदिरानगरात? चांगलं आहे. सगळी दुनिया स्टील देते, तुम्ही तांब्याची कळशी देताय, म्हणजे घरात कुणीतरी वळण लावलेलं दिसतंय. काळी? हो, पडलीत जरा काळी. सगळीच भांडी, हो, दिसतं मला, डोळे आहेत. चिंच लावली की लखलखतात. लावीन. तांबं काळं पडणारच, ते काय स्टील आहे बेशरम, कुणी हात लावो न लावो, चकाकत बसायला?

तर काय सांगत होतो — तो डॉक्टर. वेड्यांचा डॉक्टर हो, पुलापलीकडचा. पाटी बघितली असेल तुम्ही, नावापुढं एवढ्या पदव्या, की माझ्याकडं घालायला आला असता तर हंडासुद्धा पुरला नसता. संशोधन चाललंय त्याचं. उदास माणसांवर. उदास! आमच्या आईला विचारलं असतं तर म्हणाली असती, दिवेलागणीला वाटतं तसं, पदर खोचला की जातं. आता त्याचा आजार झाला, अन् आजार झाला म्हणून गोळी निघाली. अन् गोळी तरी कशी, ऐका — दोन तऱ्हेच्या बाटल्या, वरून अगदी सारख्या. एकीत जुनं औषध, एकीत नवं. कुणाच्या वाट्याला कुठली आली ते रोग्याला माहीत नाही. ठीक. डॉक्टरलाही माहीत नाही! म्हटलं, साहेब, मी उद्या गिऱ्हाइकाला असं सांगितलं, की ही कळशी तांब्याची का पितळेची मला ठाऊक नाही बुवा, घेऊन जा, पाणी भरा, सहा महिन्यांनी येऊन मलाच सांगा — तर तीच कळशी तो माझ्या टाळक्यात घालेल. तर हसला. म्हणतो, म्हणूनच असं करायचं, मला जे व्हावंसं वाटतं तेच मला दिसू नये म्हणून. घ्या! परदेशात शिकून आला अन् स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा नाही, अन् हा दुसऱ्यांची मनं दुरुस्त करणार.

माझं कोण तिथं? बायको. मी कशाला जातोय! सगुणा. लेकीचं लग्न झालं, लेक गेली सोलापूरला, अन् ही बसली खिडकीशी. कारण काय? काही नाही. खायला आहे, ल्यायला आहे, नवरा दारू पीत नाही. नुसती बसायची. चुलीवर भात करपला तरी बसलेली. आपण क्रिकेटचा कप जिंकलो ना, त्या रात्री अख्खी आळी फटाके उडवत होती, अन् ही खिडकीत, अन् मी आत भिंतीकडं तोंड करून — म्हणजे मी दमलो होतो हो. दिवसभर ठोकाठोक, माणूस दमत नाही का? तर शेवटी तिचा भाऊ आला, येवल्याचा, पैठण्या विणतो, तो म्हणाला हिला दाखवा. मी म्हटलं, दाखवू. आपल्याला काय, आपण कशाला आडवे येतो?

अन् तिथं गंमत झाली. डॉक्टर मला म्हणाला, तुम्हीही या आमच्या कामात. मी म्हटलं, मी? तर म्हणे, शहाणी माणसंही लागतात. रोग्यांच्या शेजारी बरोबरीला धडधाकट माणसं ठेवायची, दोघांचं रक्त तपासायचं, म्हणजे फरक कळतो. वजन करताना दुसऱ्या पारड्यात खरं माप लागतं ना, तसं. मी माप! आहात कुठं! आळीत सगळ्यांना सांगितलं मी — डॉक्टरांनी स्वतः मला शहाण्यांत घेतलंय, तुमच्यापैकी कुणाला घेतलंय का? त्या मशीनवाल्याला मुद्दाम जाऊन सांगितलं. बाकावर बसायचो तर एका बाजूला ते — एक बाई नुसती पदराचा काठ चोळत बसलेली, एक प्राध्यापक रडायचा, टाय लावून रडायचा, लाज नाही — अन् दुसऱ्या बाजूला मी. मान ताठ. मला बघून कंपाउंडर म्हणायचा, या, शहाणे आले.

जरा कळशी धरा अशी. घट्ट. हं. ठिपका सरकला तर अक्षर बोबडं होतं.

तर रात्री एक बारीक गोळी दिली त्यांनी, दुसऱ्या दिवशी दुपारी रक्त काढलं. अन् त्याआधी प्रश्न. काय एकेक प्रश्न! झोप कशी लागते? म्हटलं, उत्तम. पहाटे तीनला उठतो. तीनला का? जाग येते म्हणून. मग काय करता? पडून राहतो. काय मनात येतं? आता हा काय प्रश्न झाला? माणसाच्या मनात पहाटे तीनला काय यायचं, भजन? येतं आपलं — की काय केलं आपण, अन् उठून तरी काय करायचंय. सगळ्यांनाच येतं. तुम्हाला नाही येत? … बरं. तरुण आहात अजून. जेवण? म्हटलं, जेवतो. चव लागते? म्हटलं, साहेब, साठीला आलेल्या माणसाला कसली चव? काम आवडतं का पूर्वीसारखं? तेव्हा मात्र मी चिडलो. म्हटलं, तुम्ही शहाण्या माणसाला विचारताय का वेड्याला, ते आधी ठरवा. तर हा आपला लिहितोय, मान खाली घालून.

अन् मग म्हणतो, तुम्हाला या गटात ठेवता येणार नाही. काढलं. म्हणजे — काढलं नाही हो, मीच सोडलं. असल्या फालतू कामात कोण राहतो! म्हणे त्या गोळीनं रक्तात काहीतरी खाली यायला हवं होतं, ते तुमचं आलं नाही. माझ्या रक्तालाच अक्कल नाही, घ्या! मी म्हटलं, एका सुईवरून तुम्ही माणूस वेडा ठरवता? तर म्हणतो, नाही, सुईवरून नाही ठरवत, ती चूकही असू शकते, पण तुमच्या बोलण्यावरून सांगतो. तुम्हाला दुखतंय, अन् बरेच दिवस दुखतंय. म्हटलं, कुठं? दाखवा बोट ठेवून. नाही दाखवता आलं. म्हणे, या तुम्ही, संध्याकाळी सातपर्यंत असतो मी, संशोधन राहू द्या, तुमच्यासाठी या. गिऱ्हाईक वाढवायचं दुसरं काय! मी चप्पल घातली अन् निघालो. त्या बाकावरून जाताना प्राध्यापक सरकून बसला — मला जागा केली त्यानं. त्याच्या शेजारी. मूर्ख साला.

सगुणा? ती झाली बरी. हो, झाली म्हणजे झाली, खोटं कशाला बोलू. कुठल्या बाटलीनं ते अजून कुणाला ठाऊक नाही, सगळ्यांचं आटपल्यावर उघडणार आहेत म्हणे कोडं. पण उठली. खिडकी सोडली. एक दिवस घरी आलो तर फोडणीचा वास — दारातच उभा राहिलो मी. भांडायला लागली. लेकीला पत्र घातलं. शेजारच्या धोंडाबाईबरोबर हसत होती, कशावर तरी, पाणी येईपर्यंत डोळ्यांतून. अन् मी आतल्या खोलीत ऐकत बसलो, तर मला वाटलं — जाऊ द्या.

मग माझ्या मागं लागली. तुम्ही चला. तुम्हीही चला. मी म्हटलं, दोन गोळ्या खाल्ल्या अन् मला शिकवायला आली? चार चांगल्या शिव्या घातल्या. आधी उलट शिव्या घालायची, ह्या वेळी नाही घातल्या. ताट पुढ्यात ठेवलं, खाली बसली अन् म्हणाली — मी एकटीच बरी होऊन या घरात काय करू? बस्स. एवढंच. दुसऱ्या दिवशी भाऊ आला, त्याच्याबरोबर गेली येवल्याला. तुम्ही दवाखान्यात गेल्याचा निरोप आला की मी लगेच येते, म्हणाली. लगेच. आज किती दिवस झाले — कोण मोजतंय! राहू दे. मला काय फरक पडतो? दुकान आहे, छिन्नी आहे. चहा स्वतः करतो. नाही केला तरी चालतं, पिऊन कुणाचं भलं झालंय! तिला वाटतं मी जाईन, त्या टायवाल्याच्या शेजारी बसेन अन् म्हणेन, डॉक्टर, मला दुखतंय. या हातानं आळीतल्या निम्म्या घरांची भांडी—

काय झालं? असे का बघताय? पुसतो की कळशी, तुमचं आटपतच आलंय. ‘सौ.’ घातलं, मग ‘विमला’. विमलाच घातलंय. वाचा ना तुम्हीच, शिकलेले आहात. … काय? … आणा इकडं.

…

सौ. सगुणा.

…

नाही, नाही घासून निघणार. सांगितलं ना मघाशी, नातवंडं वाचतील. … ठेवा ती तिथं. त्या कोनाड्यात — नको, इथंच, माझ्याजवळ. दुसरी उचला तुम्ही, ती वरची, तिला पोचा नाही. पैसे नकोत. नकोत म्हटलं ना. अन् नाव … नाव त्या मशीनवाल्याकडून घाला. कोपऱ्यावर. पाच मिनिटांत देतो, चांगलं देतो, माझं नाव सांगा. कशाला सांगताय, राहू द्या, नका सांगू. काही झालेलं नाही मला. हात आहे तो, सरकतो कधीतरी. डोळ्यात धूळ जाते या कामात. बघत काय उभे राहिलात? जा तुम्ही, बहीण वाट बघत असेल.

अहो — किती वाजले तुमच्या घड्याळात? साडेसहा? … नाही, सहज विचारलं. जा.