शुक्रवारची फेरी

हॅलो? … हां, दादा! बोल, बोल. … गाडीतच बसलेय, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये. आईचं डायलिसिस संपतच आलंय, आत्ता आणतील तिला बाहेर. म्हणून पटकन सांग, शुक्रवारचं काय ठरवलंस?

… अरे, फक्त शुक्रवार! सोमवार-बुधवार पाळी बदलून मी नेतेच आहे ना? साहेबांनी तोंडावर सांगितलंय, आणखी एका शुक्रवारी दांडी मारलीत तर कायमच्या घरी बसा. … नाही रे, चुकवून कसं चालेल? एक दिवस चुकला की अंगात पाणी भरतं तिच्या. श्वास घेता येत नाही. … टॅक्सी? टॅक्सीवाला तिला तिसऱ्या मजल्यावरून उचलून खाली आणणार आहे का?

… काय? पेट्रोल? … हो, माहितीय. तुझ्या घरून इथवर चाळीस किलोमीटर, जाऊन-येऊन ऐंशी. गणित येतं मला. … अरे, पैसे कोण मागतंय तुझ्याकडे! मी तुला ये म्हणतेय. … हं. … हं. … सांग बाबा, पेट्रोल कसं वाचवायचं तेही सांग.

… चाकातली हवा? दर पंधरा दिवसांनी बघते. पंपावरचा माणूस मला बघितलं की न सांगता पाइप ओढून आणतो. … एसी लावतच नाही. सिग्नलला थांबले की ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसते. … पन्नासच्या वर नेत नाही रे! परवा एक ट्रॅक्टरवाला मला ओलांडून गेला. … ब्रेकही हळूच मारते. पेट्रोलसाठी नाही हां. सुया टोचून तिचा हात ठणकत असतो, हिसका बसला की कळवळते. … इंजिन? बंद आहे! चार-चार तास बंद गाडीत बसते इथं, घरी जाऊन परत यायचं पेट्रोल वाचवायला. डबासुद्धा इथंच खाते, मांडीवर घेऊन. आणि तू तिकडं बसून उंटावरून शेळ्या हाक!

… डिकीतलं ओझं काढू? … दादा, डिकीत तिची व्हीलचेअर असते. … अठरा किलो. … हो ना, फरक पडतच असेल. काढते. आईलाही उतरवू का? ती बेचाळीस किलो आहे.

… चिडू नको तर काय करू? … थांब, थांब. एका फेरीत दोन कामं? … म्हणजे इकडं तुझं काही काम निघालं, की येणार तू. … निघालं होतं ना रे काम! मागच्या महिन्यात आमच्या भागात टायर बदलून गेलास. … टायरवाल्यानंच सांगितलं. ‘तुमचे भाऊ येऊन गेले की’ म्हणाला. मी आपलं हो हो केलं. काय सांगणार त्याला, कप्पाळ? … वळसा पडत होता? दीड किलोमीटर, दादा! दीड! दुपारभर खिडकीत बसलेली असते रे ती.

… नाही, रडत नाहीये मी. … नाही म्हटलं ना! … ऐक. अरे, ऐक तर. तुझं सोपं करून टाकते. आता येऊच नकोस. मी एकदाच फोन करीन, तेव्हा ये. एका फेरीत दोन्ही होतील, तिला बघणं आणि तिला पोचवणं. वाचव पेट्रोल.

… हॅलो? … दादा? … हॅलो?

… ठेवला. ठेवला फोन.

… अगं आई, आलीस? थांबा हो सिस्टर, दार उघडते. … कोणाशी म्हणजे? दादाशी बोलत होते. … हो, आहे ना, आहे अजून फोनवर. … नको, तुझ्याकडे नाही देत, आवाज तुटतोय त्याचा. मी सांगते. … हां दादा, आई आली बघ. … हो. … हो रे. … आई, फार थकलीस का विचारतोय. … बरं, सांगते तसं. … शुक्रवारी? … हो, येतो म्हणतोय.

… नाही गं आई. पेट्रोलचं काही नाही बोलला.