उलट्या ज्योतीचा नवस

जामसांवलीच्या मारुतीची रांग सरकेना, म्हणून स्मितानं पुढच्या नवराबायकोकडे कान लावले.

"घरच्या देवापुढचा तो ज्योतीसारखा हलणारा एलईडी दिवा तुम्ही खोलला ना?"

"नाही व, वच्छला. मी कायले खोलू?"

"मग ज्योत खाली तोंड करून कशी जळून राहिली?"

"मालच तसा असंन."

"आपल्या तृप्तीच्या नोकरीसाठी नऊ दिवस अखंड ठेवायचा नवस होता माहा. मधात विझवला तर नाही?"

"एक मिनिटही नाही! चालू दिवाच खोलला. आत बारीक गोळी राह्यते, वर कुठं आन् खाली कुठं, तिलेच समजते. ते पडली, सापडलीच नाही."

वच्छलानं हातातला नारळ परत पिशवीत ठेवला.

"चला घरी. उलट्या ज्योतीचा नवस देवाले चालत नाही. नऊ दिवस पहिल्यापासून."

"मी काय करू?"

"दिवा उलटा धरून बसा."