दोन जावा आणि एक थेंब

दवाखान्यात बरगडी दुखावलेला रंगारी हसू दाबून बसला होता. समोरच्या बाकावर दोन जावा होत्या आणि थोरलीचा अंगठा धाकटीच्या मनगटाला चिकटला होता.

"सासूबाई यायच्या आत बरणीचं फुटलेलं झाकण चिकटवायचं होतं गं, मला नव्हे!" थोरली म्हणाली.

"मग नळाखाली कशाला घातलात हात?"

"पाण्यानं काय वाट्टेल ते सुटतं."

"हा झटपट चिकटणारा गोंद पाण्यानंच धरतो, ताई! बाटलीत रेणू सुटे असतात. ओलावा लागला की एकाचा बंध उघडतो, तो शेजाऱ्याला धरतो, शेजारी पुढच्याला. साखळीच होते. दरवर्षी शाळेत शिकवते मी."

"मग सोडव की."

"अभ्यासक्रमात फक्त जोडायचं आहे."

"आणि घरात तोडायचं! वेगळी चूल मांडायचं खूळ कुणाचं?"

"भांडी वाटताना झाकण ओढलं कुणी?"

"ओढलं मी, सोडलं तू!"

तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला. मोकळ्या हातानं तिनं तो स्पीकरवर टाकला.

"कुठे आहेस गं?"

"ताईंबरोबर आहे, आई. दवाखान्यात."

"दोघी? एकत्र?"

"हो."

सासूबाईंचा आवाज एकदम खाली आला.

"खरं सांग, मेलं कोण?"