काही नाही आणि हवा

दवाखान्यात रक्तदाब तपासायला बसलो होतो. शेजारी एक नवरा-बायको होते. त्याच्या गळ्यात वीज कंपनीचं ओळखपत्र होतं.

“अहो, तीन वर्षं शोधत होतात ना? मोठ्या स्विचमध्ये ठिणगी उडू नये म्हणून भरायचा नवा वायू?”

“सापडला. जुना वायू गळला की पृथ्वी तापवतो. त्याऐवजी आत एक निर्वात नळी बसवायची आणि भोवती स्वच्छ, कोरडी हवा भरायची. सगळ्या चाचण्या पास.”

“मग अडलं कुठे?”

“साहेब म्हणतात, नळीत काही नाही आणि भोवती हवा. ‘काही नाही’ला आणि हवेला मंजुरी कशी मागू?”

“त्यांच्या भाषणांत दुसरं काय असतं?”

“हळू बोल गं.”

“आणि हा कागद कसला?”

“समितीचा अहवाल. ‘पर्याय सापडला नाही.’ संध्याकाळपर्यंत सही करायची, नाहीतर बदली.”

“म्हणून रक्तदाब चढला होय.”

नर्स आली आणि तिने त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

“काका, हात सैल सोडा. पट्टा आवळेल, पण घाबरू नका. आत नुसती हवा आहे.”

“सिस्टर, थांबा जरा. हवा चालेल का, ते यांच्या साहेबांना विचारून घेऊ.”

“पेन आहे का गं तुझ्याकडे?”

“सही करताय?”

“करतो. आधी शेवटचा शब्द तेवढा खोडतो.”

“आणि बदली झाली तर?”

“तिथेही हवा असेलच की.”