गळ्यावर थांबलेला वस्तरा

जबाब देणारीचे नाव व पत्ता वेगळ्या कागदावर घेतला आहे. वय ४७ वर्षे. धंदा दाढी-कटिंगचे दुकान, शिवाय मुलांच्या शाळेत शिकवणे.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, वडिलांच्या मागे त्यांचे दुकान मीच चालवते. बाईच्या हातून दाढी करून घ्यायला लोक आधी बिचकत, आता बाकावर बसून वाट बघतात. गेल्या वर्षापासून दुपारी मी बाल न्यायालयाच्या शाळेत जाते. गुन्ह्यात सापडलेल्या काही मुलांना बंद सुधारगृहात न ठेवता न्यायालय तेथे पाठवते. सकाळी लिहिणे-वाचणे आणि गणित, दुपारी एखादा धंदा. अट एकच, मुलाने कोणावर हात उचलला की शाळा संपली, मग सुधारगृहात कुलपाआड. माझा सख्खा धाकटा भाऊ तेथे पहारेकरी आहे. हे काम त्यानेच मला मिळवून दिले.

ज्या मुलावर आळ आहे त्याचे नाव कायद्याने लिहिता येत नाही असे जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनी सांगितले. म्हणून शाळेत त्याला म्हणतात तेच सांगते, वकील. वय सोळा. कुठल्याही गोष्टीला "पण मावशी" म्हणून फाटे फोडतो, म्हणून वकील. चाकू दाखवून मोबाइल हिसकावल्याचा गुन्हा त्याच्यावर आहे, ते मला ठाऊक आहे. फुग्यावर फेस लावून तो वस्तऱ्याने उतरवायचा आणि फुगा फुटू द्यायचा नाही, असे मी मुलांना शिकवते. बाकीच्या पोरांनी फुगे फोडून फोडून माझे डोके उठवले आहे. वकिलाचा फुगा फुटायचा थांबला, तेव्हाच मी त्याला माणसाच्या गालाला हात लावू दिला.

काल दुपारी शाळेच्या देखरेख समितीचे एक गृहस्थ पाहणीला आले. आपणहून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बघू तरी, काय शिकवता ते." वकिलाने कापड बांधले, फेस केला, दोन्ही गाल साफ केले. मी खुर्चीच्या बाजूला, आरशापाशी उभी होते. इतर मुले मागच्या बाकांवर, भाऊ त्यांच्याही मागे दाराशी. गृहस्थांची मान मागे टेकलेली होती. वस्तरा गळ्यावर आला आणि नेमके तेव्हाच त्यांनी विचारले, "काय रे, तू कशापायी आत आलास?"

वकील बोलला नाही. त्याचा हात गळ्यावर थांबला.

तो का थांबला, हे नीट लिहावे. गिऱ्हाईक बोलले की मागोमाग आवंढा गिळते, गळ्याची घाटी वर-खाली होते. तेवढा वेळ पाते कातडीपासून केसभर उचलून धरायचे, घाटी जागेवर बसली की पुढे जायचे. आमच्या वडिलांनी हे आम्हा दोघा भावंडांना शिकवले, मी मुलांना शिकवले. वकिलाचे पाते केसभर वर होते. मला बाजूने स्वच्छ दिसत होते. मागून मात्र एक पोरगा त्या गृहस्थांच्या गळ्याला वस्तरा लावून गप्प उभा आहे, एवढेच दिसले असणार.

भाऊ "ए, सोड!" असे ओरडत धावला आणि वकिलाचे कोपर मागून धरून हिसकले. त्या हिसक्याने पाते गृहस्थांच्या कानाखाली लागले. रक्त आले, टाके घालावे लागले. वकिलाने वस्तरा मिटून फळीवर ठेवला आणि टॉवेल जखमेवर दाबला. तेवढ्यात भावाने त्याला खाली पाडून पाठीवर गुडघा दिला. खालून वकील म्हणाला, "मावशी, आधी त्यांच्याकडे बघा." एरवी तासन्‌तास हुज्जत घालणारा पोरगा, स्वतःच्या बाजूने एक अक्षर बोलला नाही. त्या वेळी मला माझ्या भावाचा भयंकर राग आला.

'मुलाने हल्ला केला व मी त्याला आवरले' असे भावाने वर कळवले. उद्या मुलाला न्यायालयापुढे उभे करणार आहेत. गृहस्थ म्हणतात, मी छताकडे बघत होतो, मला काही सांगता येणार नाही. बाकांवरच्या पोरांचे बोलणे कोणी धरत नाही. राहिले मी.

आज सकाळी भाऊ दुकानात आला. म्हणाला, "ताई, माझ्या पोटावर पाय देऊ नकोस. त्या पोराचं काय, तो आधीपासून आतलाच आहे."

मी म्हणाले, "वस्तरा चालू असताना कोपराला हात लावायचा नसतो, हे बाबांनी तुला चांगलं बदडून शिकवलं होतं. विसरलास?"

"विसरलो नाही गं. पण मला गिऱ्हाईक दिसलंच नाही. नुसता तो दिसला."

यात तो खोटे बोलत नाही. तो घाबरला होता. त्याने मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही, पण केले त्यानेच. आई गेल्यावर त्याला मी वाढवले, त्याच्या दोन लहान मुली माझ्या भाच्या आहेत. मला इकडे आड तिकडे विहीर झाले आहे, रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही. साहेब म्हणाले, "बाई, मुलाचा हात निसटला असं लिहू का? दोघेही सुटतील." मी नको म्हणाले. ज्याचा हात निसटतो त्याला पुन्हा कोणी वस्तरा देत नाही, आणि वकिलाचा हात निसटलेला नाही.

वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. त्यात 'झटापटीत जखम झाली' असे वाक्य होते. ते मी खोडायला लावले आणि तेथे 'माझ्या भावाने हात हिसकल्यामुळे जखम झाली' असे लिहून घेतले. खोडलेल्या जागी माझी सही आहे. वाचून दाखवताना दार उघडे होते. भाऊ बाहेरच्या बाकावर बसलेला आहे, त्यानेही सर्व ऐकले आहे. जबाब मी सांगितला तसाच आहे.